हृदयाची श्रमचाचणी



‘ट्रेडमिल’ या शब्दाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगांसाठी पायऱ्यांचे एक फिरते चक्र तयार केले. कैद्याने तासन्‌तास चढत राहावे आणि तरीही जागच्या जागीच असावे, अशी ती शिक्षा होती. विसाव्या शतकात त्याच नावाचा सरकता पट्टा रुग्णालयांत आला. सिॲटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेली चाचणीपद्धती पुढे जगभर रूढ झाली. शिक्षेचे यंत्र निदानाचे साधन बनले; माणसाच्या मनातील धास्ती मात्र अद्याप ओसरलेली नाही.

मुळात ही चाचणी हवी कशाला? विसावलेल्या हृदयाचा आलेख पुष्कळदा निर्दोष दिसतो. घरात दोन माणसे असली म्हणजे बारीक धारेच्या नळावरही भागते. लग्नघरी पाहुणे जमले की त्या धारेचे खरे बळ कळते. हृदयाच्या रोहिण्या अरुंद झाल्या तरी विश्रांतीत रक्त पुरते. श्रम वाढले की मागणी वाढते, पुरवठा तोकडा पडतो, आणि ती तूट आलेखात उमटते.

ब्रूसपद्धतीत आरंभी पट्टा ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेगाने सरकतो व त्यास दहा टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. २२० मधून वय वजा केले असता नाडीची अंदाजी कमाल गती मिळते. तिचे ८५ टक्के हे सामान्यतः उद्दिष्ट मानतात. साठीच्या गृहस्थासाठी हा आकडा मिनिटाला १३६ येतो. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटे आलेख व रक्तदाब पाहतात, कारण काही दोष विश्रांतीतच प्रकट होतात.

पूर्वतयारी साधी आहे. दोन-तीन तास आधी हलका आहार घ्यावा. चहा, कॉफी, तंबाखू वर्ज्य करावी. पायांत घट्ट बसणारे बूट असावेत. भगिनींनी साडीऐवजी सलवार-कमीज घालणे सोयीचे. औषधे मात्र स्वतःच्या मताने बंद करू नयेत. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्यांनी निष्कर्ष झाकला जाऊ शकतो. तथापि त्या एकाएकी सोडणे धोक्याचे असते. मधुमेहींनीही आपल्या औषधांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. आणि बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर चाचणीची तारीख न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

या सर्वांहून महत्त्वाची तयारी मनाची. शाळेपासून ‘पास’ होण्याची सवय जडलेला माणूस पट्ट्यावरही पास होऊ पाहतो. छातीत कळ येते, डोके गरगरते. पण बाहेर पत्नी नि मुले बसली आहेत, आणखी दोन मिनिटे काढू, असे म्हणून तो ओठ मिटतो. कठडा घट्ट धरून भार हातांवर टाकतो. येथेच चाचणीचा हेतू हरपतो. डॉक्टर शेजारी उभे असतात ते त्याची कळ ऐकण्यासाठीच. ‘थांबवा’ हा शब्द या खोलीत पराभवाचा नाही. तो निदानाचाच भाग आहे.

निकालाविषयीही तारतम्य हवे. दोष दिसला म्हणजे रोहिणी चोंदलीच असे नव्हे. काही वेळा, विशेषतः स्त्रियांत, आलेख फसवा ठरतो व पुढील तपासणी लागते. उलट, निर्दोष निकाल म्हणजे आयुष्यभराचे अभयपत्र नव्हे. रक्तप्रवाहास अद्याप न अडविणारा लहान थर या चाचणीस दिसत नाही. म्हणून निकालाचा कागद कपाटात ठेवला, तरी फिरणे, पथ्य आणि तंबाखूचा त्याग यांस सुट्टी देऊ नये.

पुढे-मागे आपणांपैकी कोणास त्या पट्ट्यावर उभे राहण्याचा प्रसंग आलाच, तर पावलांइतकीच जीभही मोकळी ठेवावी. हृदयाचे गाऱ्हाणे वेळीच कानी पडले, तर त्यावर उपाय करता येतो.