शिकलगारांच्या गावात आपले स्वागत

दूरदुरून आलेल्या डॉक्टर मंडळींनो,

मिरजनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. मोठ्या आतड्यातील पॉलिप व गाठींवरील लेसर उपचार हा परिषदेचा विषय. मी पडलो धान्याचा व्यापारी. पण गावाबद्दल बोलायचा हक्क माझा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उघडले, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली, हे आपण जाणताच. आपल्याला ठाऊक नसतील ते फरीदसाहेब शिकलगार.

त्यांचे घराणे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरेना, तेव्हा फरीदसाहेब तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि जवारी! तारांखालच्या घोडीवर कानस अशी फिरवायची की तार टेकली की नाही हे कानानेच ओळखावे. एक घास जास्त गेला की सूर मेला. गायक अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले ते काय उगाच? २०२४ साली आमच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांचा पुतळा मात्र अजून नाही. नगरसेवक मंडळी समोर बसली आहेत, म्हणून बोललो.

आता लेसर. कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये शोधणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, हे कळल्यावर माझी छाती फुगली. तेवढ्यात आमच्या चिटणीस डॉक्टरांनी सांगितले, तो किरण साध्या काचतंतूतून जात नाही. कोलोनोस्कोपमधून आत सोडायचा तो एनडी-याग लेसर. शिवाय बहुतेक पॉलिप तारेच्या फासानेच काढतात. गाठीने गुदाशयाची वाट बुजली आणि रोग्याला शस्त्रक्रिया झेपत नसली, तर लेसरने गाठ जाळून वाट मोकळी करता येते. गाठ पुन्हा वाढली की पुन्हा जाळायची. अभिमानाची संधी थोडक्यात हुकली, पण काम पुण्याचे आहे.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच येईल. मागच्या रांगांना खांब आडवा येतो. आचाऱ्याला तिखट कमी घाल म्हणून बजावले आहे. तो ऐकेलच असे नाही, आणि आपण तर पोटाचेच डॉक्टर! सांभाळून घ्यावे.

आगाऊ रक्कम न घेता मंडप घालणारे, तांदूळ-तूप देणारे माझे व्यापारी बंधू, पाहुण्यांसाठी घरच्या खोल्या रिकाम्या करून देणाऱ्या गृहिणी, जनरेटर देणारे ऊस बागायतदार, पेन्शनीतून पाकीट देऊन नाव घेऊ नका म्हणणारे गुरुजी, या सर्वांचा मी ऋणी आहे. कोणाचा उल्लेख राहिला असल्यास त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. आभारप्रदर्शनाला अजून दोन दिवस आहेत.

सायंकाळी सहाला सतारमेकर गल्लीकडे बस निघेल. चपला काढून कारखान्यात शिरावे आणि ओल्या पॉलिशला हात लावू नये, ही विनंती.