पहिली परिषद आणि पहिले वाक्य



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचा मी विद्यार्थी. त्यांचा गौरव करणारे माझ्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले. मी आज त्यांच्या एका चुकीविषयी बोलणार आहे. सरांना तेच अधिक रुचले असते.

मराठीतील पहिले कोरलेले वाक्य श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी आहे आणि ते शके ९०५, म्हणजे इ. स. ९८३ मधले आहे, असे सरांनी आम्हांला आठवीत सांगितले. ही मूर्ती चामुंडरायाने करविली, एवढाच त्या वाक्याचा आशय. पण बेळगावच्या आम्हां मुलांना त्याचे केवढे अप्रूप वाटले! पुढे एम. ए.च्या उत्तरपत्रिकेत मी ते लिहिले, आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा पायाही त्याच सनावर घातला.

१९७६ साली म्हैसूरच्या एका परिषदेत त्या प्रकरणावर निबंध वाचण्याची संधी मिळाली. मी पंचवीस वर्षांचा होतो. रात्रीच्या बसने निघालो. अंगात वडिलांचा सैल कोट आणि पिशवीत निबंधाच्या सायक्लोस्टाईल केलेल्या चाळीस प्रती. त्यांतल्या सदतीस परत आणल्या, हे आजच्या संशोधकांच्या धीरासाठी सांगून ठेवतो.

वाचायला पंधरा मिनिटे होती. नवव्या मिनिटाला माझा घसा कोरडा पडला. शेवटी मागच्या रांगेतून एक वृद्ध कन्नडभाषिक गृहस्थ उठले. कोरीव लेख वाचण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘आपण तो लेख पाहिला आहे का?’’ मी म्हणालो, ‘‘पुस्तकात पाहिला आहे.’’ सभागृहात हशा पिकला. ते मात्र हसले नाहीत.

चहाच्या वेळी त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काही नागरी अक्षरे काढून दाखवली. मूर्तीच्या पायाशी मराठीच्या दोन ओळी आहेत. पहिली चामुंडरायाची. दुसरी सांगते की मूर्तीभोवतीची ओवरी गंगराजाने करविली. हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आता दोन्ही ओळींचे वळण एकच असेल, तर पहिली ओळ दुसरीच्या आधी सव्वाशे वर्षे कशी कोरली गेली असेल? ९८३ हा सन फार तर मूर्तीचा. अक्षरांचा नव्हे. हा मुद्दा त्यांनी शोधलेला नव्हता. जाणकारांत त्याची चर्चा पूर्वीच झाली होती. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ सालीच प्रसिद्ध झाला होता. मी तो चाळला होता, वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी समारोप सोडून मी श्रवणबेळगोळची बस धरली. विंध्यगिरीच्या सहाशेंवर पायऱ्या अनवाणी चढलो. दगड तापला होता. मूर्तीकडे मी त्या दिवशी नीट पाहिलेही नाही. पायाशी बसून दोन ओळी पुन:पुन्हा पाहत राहिलो. लिपितज्ज्ञ मी नव्हतो. तरी अक्षरांची ठेवण सारखी आहे, हे माझ्या डोळ्यांनाही कळत होते.

पहिले प्रकरण काढून टाकावे लागले. प्रबंध वर्षभर लांबला. त्याचे दु:ख होतेच, पण त्याहून अवघड होते ते सरांना सांगणे. त्यांच्या ओसरीवर बसून मी अडखळत सगळे सांगितले. सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बारा वर्षे मी वर्गात हेच सांगत आलो रे.’’ आणि आतून वही आणून मला त्या दोन ओळी काढून दाखवायला लावल्या.

१९८१ मध्ये गोमटेश्वराच्या सहस्राब्दीचा महामस्तकाभिषेक झाला. त्याची गर्दी ओसरल्यावर सर तिथे एकटेच जाऊन आले. मला पोस्टकार्ड आले. त्यात अभिषेकाविषयी अक्षर नव्हते. ‘‘ओळी पाहिल्या. हात एकच वाटतो. तुझ्या वर्गातल्या मुलांचे पत्ते असतील तर कळव. प्रत्येकाला एक ओळ लिहीन म्हणतो.’’

मला अकरा पत्ते मिळाले. आज समोर बसलेल्यांपैकी दोघांकडे ती कार्डे अजून आहेत.