लक्ष हाताकडे, घात पायाकडून



कंपवातावर बोला असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा त्यांना औषधांची माहिती अपेक्षित असावी. मी कवेलूंवर बोलणार आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात घरोघरी दोन कामं निघतात: कुलरची डागडुजी आणि पावसाआधी कवेलू फेरणं. वर्षभर माकडांनी जे फोडून ठेवलेलं असतं, त्याचा हिशेब आता द्यावा लागतो. ज्यांनी जन्मभर ही कामं स्वतः केली, त्यांना कंपवात झाला की घरचे म्हणतात, "बाबा, तुम्ही बसा." आणि बाबा काही बसत नाहीत. घरचे दुपारी आडवे झाले की शिडी निघते!

बसू नये हे माझंही मत आहे. भांडण फक्त शिडीशी आहे.

मूलकडच्या एका निवृत्त गुरुजींचं सांगतो. मांडीवर हात ठेवून बसले की त्यांचा अंगठा आणि तर्जनी सारखी गोळी वळत असतात. कपाटाची बिजागरी बसवायला पेचकस हातात घेतला आणि कंप जवळजवळ थांबला. सुनेला विश्वास बसेना. पण या आजारातला कंप बहुधा हात स्वस्थ असतानाचा असतो. कामाला लागला की पुष्कळांचा कमी होतो. खरी अडचण पुढे आली. पहिले दोन-तीन फेरे भरपूर बसले, मग प्रत्येक फेरा आखूड होत गेला आणि शेवटी मनगट हलतंय पण स्क्रू जागचा हलत नाही, अशी गत. त्यांना थांबायला सांगितलं, मोठ्यानं "एक, दोन" म्हणत मोठा फेरा घ्यायला लावला. स्क्रू बसला. खुशीत दुसरा स्क्रू आणायला उठले, उंबरठ्यापाशी वळले आणि पाय जमिनीला चिकटले. अंग पुढे गेलं, पाय मागे राहिले. सुनेनं धरलं म्हणून निभावलं.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला, तेव्हापासून साऱ्या जगाचं लक्ष थरथरणाऱ्या हाताकडे आहे. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटतात, त्यानं हालचाल मंदावते, तोलही जातो. दारात, वळताना, हातात सामान असताना पाय गोठतात. अशा वेळी ओढू नका. थांबू द्या, अंग एका पायावरून दुसऱ्यावर डोलवू द्या, फरशीवरच्या रेघेवर पाऊल टाकायला सांगा.

आता शिडीवर हेच झालं तर? साधा बल्ब बदलायचा म्हटलं तरी मान मागे जाते, हात वर जातो आणि या आजारात माणूस मागच्या मागे कोसळतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. पावसाळ्याच्या तोंडावर खुब्याचं हाड मोडलेला माणूस तिथून बाहेर काढायचा कसा, ते तिथल्या लोकांना विचारा. म्हणून जमिनीपासून वर जे काही आहे ते दुसऱ्यानं करायचं. कवेलू निवडणं, फुटके वेगळे काढणं, कुठे गळतं ते खालून दाखवणं हे बाबांचं.

कुलरचंही तसंच. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. अर्थिंग तपासून घ्यायची आणि मेन बोर्डात गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर वायरमनकडून बसवून घ्यायचा. शिवाय टाकीत वाकून एकदम उठलं की रक्तदाब घसरतो. हा आजारही त्याला कारण आणि त्याच्या गोळ्याही. त्यात चंद्रपूरचं ऊन. स्टुलावर बसूनच काम करा, आधी पाणी प्या.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. या आजारात वास येणं बरंच आधीपासून कमी होतं. जळकी वायर, गळणारा सिलिंडर रुग्णाला कळेलच असं नाही. रेग्युलेटरचं काम त्यांच्यावर सोपवू नका.

वेळही निवडा. या आजारावरची लेव्होडोपाची गोळी लागू पडून अंग मोकळं झालं की करवत-पेचकस काढावा. असर ओसरू लागला की हत्यारं खाली, काम अर्धं राहिलं तरी. पेचकसाची मूठ जाड हवी, जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली तरी चालते. पातं फिरणारी विजेची हत्यारं मात्र नकोत. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगानं बोटं बधिर झालेल्या माणसांनी विहिरी खणल्या, घरं बांधली. आजारी हात काम करतो हे आपल्या जिल्ह्याला मी काय सांगणार?

उलटा प्रकारही घडतो. रात्रभर जागून रेडिओ, मिक्सर, घड्याळ उघडत बसायचं आणि जोडायचं काहीच नाही, असं सुरू झालं तर त्याला हौस समजू नका. काही वेळा तो औषधाचा परिणाम असतो. डॉक्टरांच्या कानावर घाला, गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

दोन-तीन चिठ्ठ्या कुहिलीबद्दल आल्या आहेत. होय, आपल्या जंगलातल्या खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतो. म्हणूनच गोळी चालू असताना वरून तिची पूड घेऊ नये. एकूण मात्रा किती झाली ते कोणालाच कळत नाही आणि हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुढची चिठ्ठी द्या.