टॅरोचे पत्ते : पुस्तक कोणते, सराव कसा?



कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने पत्त्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या रात्रीच्या अभ्यासवर्गातली तरुण मुले हल्ली टॅरोची पुस्तके घेऊन येतात आणि विचारतात, यातले कोणते घ्यावे? आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि पदपथावरच्या जुन्या पुस्तकांवर फार झाले. गुरूवाचून शिकू पाहणाऱ्याला वाटेला लावणे आम्हाला जमत नाही. पत्ते भविष्य सांगतात यावर आमचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. चित्र वाचणे ही मात्र शिकण्याजोगी विद्या आहे.

पुस्तकाची परीक्षा पहिल्या दहा पानांतच होते. हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे, असे तेथे ठासून लिहिले असेल तर पुस्तक खाली ठेवावे. ही कथा कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने १७८१ मध्ये पॅरिसला छापली. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियोंने उलगडली ती १८२२ मध्ये! टॅरो निघाला पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, आणि तोही खेळायला : चार रंगांची ५६ पाने आणि वर २२ चित्रांची हुकमी पाने. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० च्या ग्रंथात हे पुराव्यानिशी मांडले. आपल्याकडे सावंतवाडीच्या १२० पानी गंजिफेवर दशावतार रंगवलेले असतात. म्हणून कोणी तिला भविष्याची पोथी म्हणत नाही.

आज बहुतेक पुस्तके ज्या संचावर लिहिलेली असतात तो लंडनमध्ये १९०९ साली निघाला. त्याला रायडर या प्रकाशकाचे आणि वेट या लेखकाचे नाव मिळाले. चित्रे काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. ऐंशीच्या आसपास चित्रे, आणि काम प्रचंड पण पैसा अगदी थोडा, असे त्यांनीच त्या वर्षी छायाचित्रकार स्टीग्लिट्झ यांना पत्रातून कळवले होते. १९५१ मध्ये त्या वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होते. ज्या पुस्तकात या बाईंचे नावही नाही, त्याच्या लेखकाने चित्रांकडे तरी नीट पाहिले असेल का, अशी शंका आम्हाला येते.

वेटचे १९१० च्या सुमाराचे पुस्तक जवळ असावे. इजिप्तची कथा त्यानेही मानली नाही. पण अर्थ फार त्रोटक दिले आहेत. रेचेल पोलॅक यांचे ‘सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विस्डम’ सावकाश वाचण्यासारखे आहे. एकच घ्यायची ऐपत असेल तर मेरी ग्रीअर यांचे ‘टॅरो फॉर युवर सेल्फ’ घ्यावे, कारण ते वाचणाऱ्याच्या हाती पेन्सिल देते.

सरावाला मात्र पुस्तक मिटूनच बसावे. नाण्यांची पंजी समोर ठेवा. बर्फ पडतो आहे. एक पांगळा कुबड्यांवर आणि एक अनवाणी बाई चालली आहे. वर देवळाची रंगीत काच उजळलेली आहे. दहा मिनिटे पाहा आणि वहीत दोन रकाने पाडा : दिसते ते एकात, वाटते ते दुसऱ्यात. आमच्या वर्गात निम्म्यांनी पहिल्या रकान्यात ‘गरिबी’ लिहिले. गरिबी दिसत नाही. दिसतात अनवाणी पाय. मग एका गिरणीतून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, “अहो, पण या देवळाला दार कुठंय?” दार चित्रात खरेच नाही. पुस्तक त्यानंतर उघडावे. अशी ७८ पाने, रोज एक, म्हणजे अडीच महिन्यांचे काम झाले. घाई करणाऱ्याने नाण्यांची अठ्ठी पाहावी : तो कारागीर एकेक नाणे ठोकीत बसला आहे, गाव मागे दूर राहिले आहे.

दुसरा सराव थोडा बोचतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘हे तुझे स्वभाववर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला. मुलांनी पाचापैकी सरासरी सव्वाचारांहून अधिक गुण दिले! तेव्हा मित्रासाठी एक पान काढावे आणि त्याला न दाखवता भलत्याच पानाचा अर्थ वाचून दाखवावा. तो तितक्याच जोराने मान डोलावतो की नाही, हे वहीत लिहावे. असे वीस वेळा करावे.

हे वीस प्रयोग होईपर्यंत कोणाकडून पैसा घेऊ नये. दुखणे, कोर्टकज्जा आणि नोकरी यांवर तर पाने मांडूच नयेत. नोकरी गेलेला माणूस समोर येऊन बसला, तर आधी त्याच्याकडून कामावरून काढल्याचे पत्र मागून घ्यावे. त्यावर तारीख असते, आणि दाद मागायची मुदत तेथून मोजायची असते.