लावणी उभं राहून कोण करतं?

आजचा भाग छोटा आहे. एका टेस्टची गोष्ट सांगतो, जी मीच लिहिली होती आणि मीच चुकवली होती.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही चार मित्र मुळशीकडच्या एका गावातल्या शाळेत गेलो होतो. पाचवी-सहावीच्या मुलांना एक आव्हान दिलं: घरातल्या वस्तूंपासून पावसात वापरायचा कपडा बनवा, विकत काही आणायचं नाही. सामान काय, तर दुधाच्या पिशव्या, खताच्या रिकाम्या गोण्या, जुने सुती शर्ट, मेणबत्त्या, चिकटपट्टी, सुतळी.

चाचणी मी ठरवली. कपडा हँगरवर टांगायचा, आतून पुढे आणि मागे टिश्यू पेपर लावायचा आणि वरून झारीने एक लिटर पाणी ओतायचं. टिश्यू कोरडा राहिला तर पास. सोपं, मोजता येणारं. मी खूश.

मुलांनी काय काय केलं! दुधाच्या पिशव्यांचा कोट शिवणीतून गळला. पिशवीतून पाणी जात नाही, पण सुईने पाडलेल्या भोकांतून जातं ना. मग त्यांनी शिवण उसवली, पिशव्यांच्या कडा एकमेकींवर ठेवल्या आणि वर कागद धरून बाईंनी हलकी इस्त्री फिरवली. कडा वितळून जुळल्या. दुसऱ्या गटाने शर्टावर मेणबत्ती घासली, त्यावरूनही कागद ठेवून इस्त्री फिरली. मेण धाग्यांत शिरलं आणि पाणी थेंब होऊन ओघळायला लागलं. दोघंही पास.

शेवटी सहावीतली एक मुलगी गोणीची खोळ घेऊन आली. गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचलेला, आतून पिशव्यांचं अस्तर. पुढून सगळी उघडी. पुढचा टिश्यू अर्थातच चिंब झाला. मी फळ्यावर 'नापास' लिहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "हे तर शेतातलंच आहे!" पोरं हसली. तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दादा, ही आईसाठी केलीय. लावणी उभं राहून कोण करतं?"

मला उत्तर सुचेना. खरंच, कोण करतं?

मग आम्ही चाचणी बदलली. कपडा घालायचा, कमरेत वाकायचं, हात रोपं लावल्यासारखे हलवायचे आणि वरून झारी. कोट खांद्यात अडकला, मागून वर सरकला, कंबर भिजली. मेणाच्या शर्टाच्या कॉलरमधून पाणी थेट मानेत. खोळीवरून मात्र पाणी पाठीवरून सरळ खाली गेलं. पुढची बाजू जमिनीकडे होती, तिला झाकायची गरजच नव्हती. शिवाय वारा खेळत होता.

हा वारा महत्त्वाचा. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पावसाळी कापडाचं पेटंट घेतलं. पाऊस अडला, पण घामही आतच अडकला. आपल्याकडचं इरलं बघा: बांबूच्या कामट्या, मध्ये पानं, डोक्यावरून पाठ झाकणारं, पुढून मोकळं. वाकून काम करणाऱ्या माणसासाठीच घडवलेलं. त्या मुलीची खोळ त्याच घराण्यातली.

मी 'नापास' पुसलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक चाचणीत होती. टाळ्या झाल्या, पण ती हसली नाही. आधीचं हसणं पुसायला माझ्याकडे डस्टर नव्हता. जाताना तिने खोळ घडी करून दप्तरात ठेवली आणि विचारलं, "कोपरा सुटतो सारखा, त्याला काय करू?" आम्ही तिथेच बसून सुतळीने दोन टाके घातले.

तुम्हीही घरी मुलांसोबत हे करून बघा, इस्त्री मात्र मोठ्यांनीच धरा. आणि पाणी ओतायच्या आधी एक विचारा: हे घालणारं माणूस त्या वेळी काय करत असेल?

भेटू पुढच्या भागात.