पडताळा

उत्कर्ष हा शब्द कानीं पडला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें हुद्दा, पगार आणि बंगला हीं तीन चित्रें उभीं राहतात. मुलानें परीक्षेंत वरचा नंबर काढला, चांगली नोकरी धरली, दोन-तीन वर्षांत बढती मिळविली, म्हणजे घरोघर समाधान मानलें जातें. यांत गैर असें कांहीं नाहीं. पोट सर्वांनाच आहे. परंतु मनुष्य आपल्या कामांत कोणत्या उंचीस पोंचला हें मोजावयाचें, तर हुद्दा हें माप अपुरें पडतें. तें किती अपुरें पडतें हें ज्यांच्या चरित्रावरून स्वच्छ दिसतें, असे एक शिक्षक एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांत होऊन गेले. त्यांचें नांव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालीं दापोलीजवळील मुरूड गांवीं झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकून ते शिक्षक झाले आणि १८७४ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरले. विश्वविद्यालयाची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें अशा बदल्या होत होत अखेरीस ज्या ट्रेनिंग कॉलेजांत ते शिकले, तेथेंच शिकवूं लागले. आणि १८९८ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, वारले. हुद्द्याच्या मापानें मोजलें तर कथा येथेंच संपली. चार ओळींत मावणारें असें आयुष्य त्या काळच्या शेंकडों शिक्षकांनीं कंठलें असेल.

परंतु शाळेबाहेरच्या वेळांत या शिक्षकानें एक निराळाच संसार मांडला होता. त्या काळीं महाराष्ट्रांत पंचांगाचा वाद जोरांत होता. गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' ग्रंथावरून पंचांगें होत. तो ग्रंथ १५२० च्या सुमाराचा. साडेतीनशें वर्षांत बारीक चुका सांठत गेल्या आणि पंचांगांतील ग्रहस्थिति आकाशाशीं बरोबर जुळेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं नव्या गणितावरून पंचांग काढलें. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनीं ऋतूंशीं मेळ ठेवणाऱ्या सायन पद्धतीचा पुरस्कार केला. वादांत उतरलेल्या मनुष्यास बाजू असते. आणि बाजू असली कीं सोयीचा तेवढा पुरावा उचलण्याचा मोह होतो. दीक्षितांनीं अधिक कष्टाची वाट धरली. वैदिक काळापासून आपल्या देशांत आकाशाचें गणित कोणीं, केव्हां आणि कशाच्या आधारें केलें, याचा मुळापासून शोध घेण्यास त्यांनीं आरंभ केला.

हा शोध म्हणजे काय, हें एका उदाहरणावरून कळेल. मध्य प्रदेशांत सागर जिल्ह्यांत एरण येथें बुधगुप्त राजाच्या वेळचा एक शिलास्तंभ आहे. त्यावरील लेखांत काळ दिला आहे तो असा: वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. वर्ष १६५ खरें. पण कोठून मोजावयाचें? गुप्तांच्या शकाचा आरंभ कोणी इसवी सन ७८ मध्यें धरी, कोणी १६७ मध्यें, कोणी १९० मध्यें, तर कोणी ३१९ मध्यें. म्हणजे एका राजवंशाचा सारा इतिहास अडीचशें वर्षें पुढेंमागें हेलकावे खात होता. लेखांतील त्या एका 'गुरुवार' या शब्दांत निवाड्याचें साधन होतें. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढें गेला म्हणजे एक तिथि होते. त्या वर्षाच्या त्या दिवशीं सूर्योदयास सूर्य कोठें होता, चंद्र कोठें होता, हें मागें जात जात गणितानें काढावयाचें आणि बारावी तिथि खरोखर गुरुवारींच येते कीं काय हें पाहावयाचें. दीक्षितांनीं हें गणित केलें. इसवी सन ३१९ चा आरंभ धरून उत्तर आलें तें २१ जून ४८४, आणि वार गुरुवार. डॉ. फ्लीट यांनीं गुप्तकालीन शिलालेखांचा जो मोठा ग्रंथ १८८८ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत दीक्षितांच्या गणिताचा असा आधार घेतलेला आहे.

येथें कोणी म्हणेल, अशी बुद्धि देवानेंच दिलेली असते. सामान्य माणसानें त्यांत काय घ्यावें? बुद्धि होतीच, यांत शंका नाहीं. पण या कामांतला बराचसा भाग गुणाकार, भागाकार आणि कोष्टकें यांचा आहे, आणि तो नेटानें शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या आवांक्याबाहेरचा नाहीं. दुर्मिळ आहे तो ताळा पाहण्याचा धीर. उत्तर एकदां मनाजोगें आलें कीं बहुतेकजण पाटी खालीं ठेवतात. दीक्षित उत्तर मनाजोगें आलें म्हणूनच अधिक सावध होत असावे, असें त्यांचें लिखाण वाचतांना वाटतें.

त्यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथांत हीच वृत्ति पानोपानीं दिसते. दक्षिणा प्राइज कमिटीच्या बक्षिसासाठीं लिहिलेला हा ग्रंथ १८९६ सालीं छापून निघाला. वेद, वेदांगज्योतिष, सिद्धांत, करणग्रंथ, पंचांगें, जातक असा सारा प्रांत त्यांत आला आहे. आणि जेथें गणितानें काळ ताडून पाहणें शक्य आहे, तेथें केवळ ऐकीव काळावर विसंबलेलें नाहीं. शतपथ ब्राह्मणांत असें म्हटलें आहे कीं, इतर नक्षत्रें पूर्व दिशेपासून चळतात, कृत्तिका चळत नाहींत. हजारों पंडितांनीं तें वाक्य पठण केलें असेल. दीक्षितांनीं विचारलें, कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत असा काळ कोणता? पृथ्वीचा आंस भोंवऱ्याच्या आंसाप्रमाणें अतिमंद गतीनें फिरतो. सुमारें २६,००० वर्षांत त्याची एक फेरी होते. म्हणून ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा युगायुगांतून सरकतात. त्या गतीवरून त्यांनीं इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें हा काळ काढला. या निष्कर्षाविषयीं पुढें विद्वानांत मतभेद झाले; परंतु एका परिचित वाक्यास आकाशापुढें उभें करून साक्ष विचारावी, ही दृष्टि कोणासही नाकारतां आलेली नाहीं.

त्याच १८९६ सालीं रॉबर्ट सिवेल यांच्या जोडीनें त्यांचा 'इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या आपल्याकडील मित्या इसवी सनांत उतरविण्याचीं कोष्टकें त्यांत आहेत. मद्रास इलाख्यांतील एक सिव्हिलियन आणि ट्रेनिंग कॉलेजांतील एक मॅट्रिक झालेला शिक्षक, यांचीं नांवें मुखपृष्ठावर शेजारीं शेजारीं आलीं. ज्ञानाच्या दरबारांत हुद्द्याची विचारपूस होत नाहीं, याचें याहून बोलकें प्रमाण शोधण्याचें कारण नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. एवढा व्यासंग करणाऱ्या या पुरुषानें आपला मूळ धंदा हलका मानला नाहीं. १८९२ सालीं त्यांनीं 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हें पुस्तक काढलें. घरच्या अंगणांत उभें राहून सामान्य वाचकास तारे ओळखतां यावे, हा त्याचा हेतु. जें पंडितांपुढें मांडावयाचें तें साध्या माणसासही समजावून सांगतां आलें पाहिजे, ही शिक्षकाची कसोटी त्यांनीं स्वतःस लावली. धंदा आणि व्यासंग यांनीं एकमेकांचें बळ वाढविलें. एकानें दुसऱ्याचा वेळ खाल्ला अशी तक्रार त्यांत नाहीं.

यश पुष्कळदां दुसऱ्याच्या हातांत असतें. बढती देणारा निराळा, बक्षीस वांटणारा निराळा, वाखाणणारा निराळा. उत्तमपणा मात्र ज्याच्या त्याच्या हातांत आहे. कारकुनानें बेरीज दुसऱ्यानें तपासण्यापूर्वीं आपणच उलट करून पाहावी. वैद्यानें निदान मनांत पक्कें झालें तरी नाडी पुन्हा पाहावी. शिंप्यानें कापडास कात्री लावण्यापूर्वीं माप आणखी एकदां घ्यावें. कोणी पाहत नसतांना घेतलेला हा पडताळा पगारांत दिसत नाहीं, पण कामांत दिसतो, आणि माणूस गेल्यावरहि कामांत राहतो.

कार्तिक-मार्गशीर्षांत सायंकाळीं पूर्वेकडे कृत्तिकांचा इवलासा झुबका वर येतो. मुलांना घेऊन गच्चीवर जावें आणि तो बरोबर पूर्वेस उगवतो कीं उत्तरेकडे बराच सरकून उगवतो, हें त्यांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं द्यावें. सांगितलेलें खरें कीं खोटें हें स्वतः पाहण्याची संवय ज्या घरांत मुलांना लागली, त्या घरानें उत्कर्षाची पहिली पायरी चढली असें समजावें.