वादळ सर्वांचे, मदत मालमत्तेची



वादळ राव पाहत नाही की रंक पाहत नाही, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हे विधान अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सत्य २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलेल्या कॅटरिना चक्रीवादळाने जगापुढे उघडे केले.

न्यू ऑर्लिन्स शहराच्या रक्षणासाठी सरकारी अभियंत्यांनी उभारलेले बांध व पूरभिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग जलमय झाला. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम आदल्या दिवशी निघाला होता. परंतु लाखभर नागरिकांपाशी मोटार नव्हती आणि त्यांना बाहेर नेण्याची पुरेशी व्यवस्थाही नव्हती. मोटारवाले निघून गेले. मागे राहिलेले, बहुसंख्येने गरीब व कृष्णवर्णी असलेले हजारो लोक क्रीडागृहात आणि अधिवेशन केंद्रात अन्नपाण्याच्या टंचाईत दिवस कंठत राहिले. पूल ओलांडून ग्रेट्ना या उपनगराकडे पायी निघालेल्यांना शस्त्रधारी पोलिसांनी अडवून परत फिरविले.

ही दृश्ये जगाने पाहिली. परंतु पाणी ओसरल्यावर जे घडले ते दूरचित्रवाणीवर दिसण्याजोगे नव्हते, आणि खरा विचार त्याचाच करावयास हवा.

पडलेली घरे पुन्हा उभी करण्यासाठी लुइझियाना राज्याने केंद्राच्या निधीतून ‘रोड होम’ ही योजना आखली. घरमालकाला कमाल दीड लाख डॉलर अनुदान मिळावयाचे होते. ते ठरविण्याचे सूत्र असे : घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल ती धरावयाची, आणि तीतून विम्याची व इतर मदत वजा करावयाची. सूत्रात वर्णाचा उल्लेखही नव्हता.

आता हिशेब पाहा. समजा, सारख्याच आकाराची दोन घरे आहेत आणि प्रत्येकाच्या दुरुस्तीला एक लाख डॉलर लागतात. गोऱ्या वस्तीतील घराची बाजारकिंमत दीड लाख, कृष्णवर्णी वस्तीतील घराची साठ हजार. पहिल्याला पूर्ण लाख मिळतील, दुसऱ्याला साठ हजार. विटा, लाकूड व सुताराची मजुरी दोघांना एकाच दराने घ्यावी लागते. अनुदान मात्र दोन दरांनी मिळते. दुसऱ्या घराची किंमत कमी का? कारण अशा वस्त्यांना बँकांनी कित्येक दशके कर्ज नाकारले होते. म्हणजे जुन्या अन्यायाची रक्कम नव्या मदतीतून कापून घेण्यात आली. याविरुद्ध २००८ मध्ये दावा दाखल झाला. २०११ मध्ये तडजोड होऊन सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर देण्याचे ठरले. तोवर वादळाला सहा वर्षे होत आली होती.

हे झाले मालकांचे. आजोबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेक कुटुंबांची वारसनोंदच झालेली नव्हती. कागद नाही म्हणून त्यांची मदत अडली. शहरातील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाडेकरू होती. ‘रोड होम’चे घरमालकी अनुदान त्यांच्यासाठी नव्हतेच. चार मोठ्या सार्वजनिक वसाहतींतील सुमारे ४,५०० घरे पाडण्यास नगरपरिषदेने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने मान्यता दिली. आणि मजूर? सरकारी बांधकामांवर प्रचलित वेतन देण्याचे बंधन घालणारा कायदा वादळानंतर दहाच दिवसांत आपद्ग्रस्त भागापुरता स्थगित झाला. विरोध झाल्यावर नोव्हेंबरात तो पुन्हा लागू करावा लागला, हे संघटित दबावाचे यश होय. परंतु २००० ते २०१० या दशकात शहरातील कृष्णवर्णी लोकसंख्या लाखाहून अधिकाने घटली.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. विषम समाजात अन्यायासाठी दुष्ट अधिकाऱ्याची गरज नसते. मालमत्तेला मापदंड मानणारा तटस्थ नियम पुरेसा असतो. मदत गेलेल्या मालमत्तेच्या किमतीवर नव्हे, तर पुन्हा उभे राहण्याच्या गरजेवर मोजली गेली पाहिजे.

आपल्याकडेही पीकनुकसानीच्या पंचनाम्यात क्षेत्र नोंदले जाते, खातेदार नोंदला जातो. शेतमजुराच्या बुडालेल्या मजुरीला त्यात रकाना नसतो. म्हणून कार्यकर्त्याने आपद्ग्रस्त गावात मदतीच्या गाडीबरोबर जावे, तसेच यादी वाचावयासही बसावे. आणि त्या यादीत कोणाची नावे नाहीत, हे प्रथम विचारावे.